तेराशे वावरांचा बॅकअप

समुद्रपूरचे रूपराव भोयर कचेरीत रेकॉर्डकीपर होते. तीस वर्षं त्यांनी लाल कापडात बांधलेल्या बस्त्यांमध्ये काढली आणि त्या तीस वर्षांत एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली. "कागद आहे, नीट ठेवलेला आहे," असं जो छातीठोकपणे सांगतो, त्याच्याकडे तो नसतो. म्हणून कोणी काहीही सांगितलं की रूपराव शांतपणे म्हणायचे, "आणून दाखव." घरात भाजीला मीठ घातलंय असं देवकाबाईंनी सांगितलं तरी त्यांच्या तोंडून हेच निघायचं, आणि त्यावर देवकाबाई काय म्हणायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निवृत्त झाल्यावर मुलाचा, राकेशचा, जुना कॉम्प्युटर त्यांच्या वाट्याला आला. राकेश पुण्यात नोकरीला. बापानं बातम्या वाचाव्यात, पत्ते खेळावेत, एवढीच त्याची अपेक्षा होती. पत्ते ते खेळलेच. पण सोबत त्यांनी एक वेगळाच उद्योग मांडला. सरकारी दप्तरात प्रत्येक शेताला नुसता गट नंबर असतो. गावातल्या माणसांच्या तोंडी मात्र प्रत्येक वावराला नाव असतं आणि नावाला गोष्ट असते. रेडिओचं वावर का, तर गावातला पहिला रेडिओ तिथल्या मचाणावर वाजला आणि आठ दिवस रानडुकरं फिरकली नाहीत. जावयाची पट्टी का, तर एक जावई चार दिवसांसाठी म्हणून आला आणि तीस वर्षं राहिला. सासूचं वावर, कोर्टाचा तुकडा, हत्तीची बरड. रूपराव एस.टी.नं गावोगाव फिरायचे, पारावर बसायचे, ऐकायचे आणि घरी येऊन दोन बोटांनी टाइप करायचे. प्रत्येक वावराची वेगळी फाइल. सहा वर्षांत तेराशे बारा वावरं झाली.

दिवाळीच्या आधी एक दिवस कॉम्प्युटरचा पडदा निळा झाला आणि निळाच राहिला. बसस्टँडजवळ दुकान असलेल्या मुकेशनं येऊन तो दुरुस्त केला. जाताना तो म्हणाला, "काकाजी, बॅकअप ठेवा. ही डिस्क म्हातारी झाली. एक दिवस जाईन त सारं घेऊनच जाईन."

बॅकअप ठेवायचा तर कशावर, यावर त्या आठवड्यात रूपरावांच्या ओसरीवर चहाच्या चार फेऱ्या झाल्या. दिवाळीसाठी आलेला राकेश म्हणाला, क्लाउडवर. आपोआप होतं, इंटरनेटवर सुरक्षित राहतं, घर जळालं तरी काही बिघडत नाही. घर जळण्याचा विषय सणासुदीला काढला म्हणून देवकाबाईंनी त्याच्याकडे डोळे वटारले. मुकेश म्हणाला, ते क्लाउड बिलाउड हवेतलं काम आहे, त्यापेक्षा बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्यावी, ती हातात धरता येते. तिसरे होते तानबा थूल, निवृत्त पोस्टमन आणि रूपरावांचे जुने दोस्त. तालुक्यातलं एकही दार त्यांनी वाजवायचं ठेवलं नव्हतं. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कागदावर छापा. बस्ते आजवर टिकलेच ना?"

तिघंही आपापल्या म्हणण्यावर अडून बसले, आणि रूपरावांच्या डोळ्यांत एक चमक आली. ही चमक देवकाबाई चाळीस वर्षांपासून ओळखत होत्या. तिच्यामागून काहीतरी उपद्व्याप येतोच. रूपराव अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाले की आपल्याला यातलं काही कळत नाही, तर तिघांनीही आपापल्या परीनं बॅकअप घ्यावा. राकेशनं क्लाउड जोडून दिलं. मुकेश आपली डिस्क भरून दुकानातल्या कपाटात ठेवून आला. तानबांनी वावरागणिक एक अशी तेराशे बारा पानं छापून घेतली आणि पोस्टाच्या जुन्या पिशवीत घालून घरी नेली. तिघांनीही सांगितलं, काळजी करू नका, सगळं नीट ठेवलेलं आहे.

नेमकं हेच वाक्य रूपरावांना ऐकायचं होतं.

डिसेंबरच्या मध्यावर एका दुपारी, देवकाबाई शेजारी गेल्याचं पाहून, त्यांनी सगळ्या फाइली एका लाल पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. हातचं सोडून खेळ मांडण्याइतके ते भोळे नव्हते. पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात ठेवला. मग कॉम्प्युटरवरची तेराशे बारा वावरं एका झटक्यात पुसली, कचऱ्याचा डबाही रिकामा केला, आणि कोणाला काही न सांगता पत्ते खेळत बसले. तिघांपैकी कोणी आपण होऊन आपला बॅकअप उघडून बघतो का, हे त्यांना पाहायचं होतं. एक महिना गेला, दीड महिना होत आला. कोणीही बघितलं नाही. मधे पवनारला देवकाबाईंच्या बहिणीच्या मुलीचं, अंकिताचं, लग्न झालं. तिथे राकेश आणि तानबा दोघंही भेटले, पोटभर जेवले, पण बॅकअपचं नाव कोणी काढलं नाही. रूपराव हळदीत नाचून आले आणि मनातल्या मनात खूश झाले.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी त्यांनी दाढी केली नाही. डोक्यावर टॉवेल टाकून ओसरीवर बसले आणि तिघांना निरोप पाठवला की कॉम्प्युटरमधलं सगळं गेलं. देवकाबाईंनी पोहे पुढे ठेवले तर त्यांनी ताट बाजूला सारलं. पाच मिनिटांनी देवकाबाई पाणी आणायला आत गेल्या आणि परत आल्या तेव्हा ताट रिकामं होतं. त्यांनी ते उचलून आत नेलं. त्यांना काय समजायचं ते समजलं होतं.

आधी राकेशचा फोन. तो अगदी हसत म्हणाला की पाच मिनिटांत सगळं परत येईल. मग बराच वेळ नुसता खटखट आवाज येत राहिला. शेवटी तो म्हणाला, "बाबा, तुमी सोताच फाइली डिलीट केल्या होत्या का?"

रूपराव म्हणाले की म्हाताऱ्या माणसाच्या हातून काय काय होतं, कोणी सांगावं. राकेशनं पडलेल्या आवाजात समजावलं. त्यानं जोडून दिलेलं क्लाउड आरशासारखं होतं. इथे जे असेल तेच तिथे दिसणार. इथे पुसलं की तिथेही पुसलं जाणार. पुसलेलं तीस दिवस कचऱ्यात राहतं, त्यानंतर कायमचं जातं. आणि तीस दिवस उलटून गेले होते. रूपरावांनी टॉवेलाआडून वहीत लिहिलं: राकेश, नापास.

मुकेश मोटारसायकलवर डिस्क घेऊन आला. जोडली, तर पडद्यावर सगळ्या वावरांची नावं ओळीनं आली. मुकेशनं छाती फुगवली. मग त्यानं हत्तीची बरड उघडायला घेतली. उघडेना. कोर्टाचा तुकडा उघडेना. प्रत्येक नावाच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण होता. तो बघितल्यावर मुकेशचा चेहरा उतरला. गडबडीत त्यानं फाइली नव्हे, फाइलींचे शॉर्टकट उचलून नेले होते. म्हणजे तेराशे घरांचे पत्ते नेले आणि घरं इथेच सोडली. वहीत दुसरी नोंद झाली.

तानबांची पिशवी आली ती हलकी आली. तेराशे बारा पानांतली पन्नासेक असतील. तानबांना ते सांगताना जरासा संकोच वाटला. पिशवी भरलेली घरी नुसती पडून राहावी, हे पोस्टमनच्या जातीला सोसवेना. म्हणून ज्याच्या वावराची गोष्ट, त्याला त्याचं पान नेऊन दिलं. रोज एक गाव.

"टपाल काय ठेवासाठी असते का, रूपरावभाऊ?" ते म्हणाले.

आता रूपराव उठले. टॉवेल काढला. राकेशचा फोन स्पीकरवर होताच. त्यांनी तिघांना उद्देशून छोटंसं भाषणच दिलं. बॅकअप घेणं म्हणजे काही नाही, तो परत उघडून दाखवता आला तरच बॅकअप. कचेरीत तीस वर्षं हेच पाहिलं. तुम्हा तिघांना आपण मुद्दाम फसवलं, वावरं कुठेही गेलेली नाहीत. तिघंही आधी चिडले, मग सुटल्यासारखे हसू लागले. रूपरावांनी खणातून लाल पेनड्राइव्ह काढला, सगळ्यांना दिसेल असा हवेत धरला आणि कॉम्प्युटरला जोडला.

पडद्यावर यादी आली. तीनशे दहा गाणी. पहिलं हळदीचं, दुसरं वरातीचं.

रूपरावांनी यादी शेवटपर्यंत खाली नेली, परत वर आणली. पेनड्राइव्ह काढून परत लावला. गाणी तीच.

"ह्या पेनड्राइव्हमधी गाणे कोठून आले?" त्यांनी विचारलं.

देवकाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की अंकिताच्या हळदीला डीजेवाल्याकडे पेनड्राइव्ह नाही असा बहिणीचा फोन आला, म्हणून निघताना खणातला नेला आणि त्याला दिला. त्यात आधीच कसल्याकसल्या फाइली दिसल्या, म्हणून त्यानं सगळं पुसून गाणी भरली. परत आणून जिथला तिथे ठेवला.

"मले काऊन इचारलं नाई?"

"इचारून काय करू? तुमी समोरच त नाचून राह्यले होते, जी."

तानबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मुकेश मांडी थोपटत होता, फोनमध्ये राकेश हसत होता. सगळ्यांना वाटलं की हा नाटकाचा दुसरा अंक. रूपराव खुर्चीत बसून राहिले. खरंच सगळं गेलं, असं त्यांनी दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा तानबांनी त्यांच्या अभिनयाला दाद दिली. डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेल्या माणसावर सकाळी सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. आता तोच माणूस खरं सांगत होता तर कोणी मानायला तयार नव्हतं. आपणच हे करून ठेवलं, हे त्यांना कळत होतं, आणि त्यानं आणखीच जीव जळत होता. त्या हळदीत, त्या गाण्यांवर, कमरेला रुमाल बांधून आपण किती वेळ नाचलो, हेही त्यांना नेमकं आत्ताच आठवलं.

देवकाबाईंनी गरम आलूबोंडे आणले. रूपरावांपुढची बशी त्यांनी मुद्दाम तिथेच ठेवली आणि आत गेल्या. थोड्या वेळानं बाहेर येऊन बघितलं तर चारही बोंडे जसेच्या तसे, गार झालेले. त्यांनी पदरानं हात पुसले आणि मुकेशला म्हणाल्या, "हसू नको, बावा. हे खरं हाये."

हसणं तिथेच थांबलं.

मुकेशचा चेहरा एकदम कामाचा झाला. त्यानं कॉम्प्युटरची वायरच उपटली. पुसलेली फाइल लगेच मरत नाही, तिची जागा दुसऱ्या कशानं तरी भरेपर्यंत ती आत पडून असते, म्हणून आता कोणी याला हात लावायचा नाही, असं त्यानं सांगितलं. दीड महिन्यात यावर काय काय केलं, असं त्यानं विचारलं. पत्ते खेळलो, रूपराव म्हणाले. पत्त्यांनी डिस्कवरची जागा फारशी भरत नाही, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पत्त्यांबद्दल कोणी समाधान व्यक्त केलं. मुकेश डिस्क काढून घेऊन गेला. शॉर्टकटची लाज त्याला सहा दिवस दुकानात खिळवून ठेवायला पुरली. त्यातून सातशे फाइली वर आल्या, पण सगळ्यांची नावं पुसली गेलेली. कुठलं वावर ते वाचल्याशिवाय कळेना.

उरलेल्यांसाठी तानबांनी पिशवी खांद्याला लावली. आयुष्यभर टपाल वाटलं, आता ते परत गोळा करायला निघाले. गिरड, मांडगाव, नंदोरी, रोज एक बाजू. लोक पानं द्यायला सहज तयार होईनात. एकानं आपलं पान काचेत बसवून भिंतीला लावलं होतं. तानबांना मोबाइलवर त्याचा फोटो काढून आणावा लागला. आणि जी पानं आली ती होती तशी आली नाहीत. कोणी पेन्सिलीनं, कोणी नातवाकडून लाल शाईनं दुरुस्त्या करून ठेवल्या होत्या. जावयाच्या पट्टीच्या पानावर कौशल्याबाई नावाच्या म्हातारीनं लिहून घेतलं होतं की तीस वर्षं हे साफ खोटं, एकोणीस वर्षं. आणि तो बसून खाणारा नव्हता, त्या पट्टीतली विहीर त्यानं एकट्यानं खोदली, तो माझा नवरा होता.

रूपरावांनी ते पान तीनदा वाचलं. सहा वर्षांत पारावरच्या बाप्यांनी त्यांना विहिरीचं कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी गोष्ट नव्यानं टाइप केली, विहिरीसकट.

होळीपर्यंत हे चाललं. शेवटी मोजलं तेव्हा नव्वद वावरं कुठेच सापडली नाहीत, ना डिस्कमध्ये, ना पिशवीत.

मग बॅकअपचा निर्णय झाला, आणि या वेळी भांडण झालं नाही. राकेशनं क्लाउडची मांडणी बदलली. आता इथे पुसलं तरी तिथली जुनी प्रत वर्षभर तशीच राहते. मुकेशनं खऱ्या फाइली डिस्कवर घातल्या, तिथल्या तिथे उघडून दाखवल्या आणि मग डिस्क सोडवून दुकानात ठेवली. दुसरी डिस्क पवनारला, अंकिताच्या माहेरच्या कपाटात. हळदीची भरपाई म्हणून तिच्या आईनं ती जबाबदारी स्वतःहून घेतली. डिस्कवर देवकाबाईंनी आपल्या हातानं चिठ्ठी लावली: यात गाणी भरू नये.

रूपरावांची खोड मात्र गेली नाही. महिन्यातून एकदा, कधीही, ते कोणालाही फोन लावतात आणि एका वावराचं नाव सांगून म्हणतात, "उघडून दाखव." मागच्या महिन्यात पाळी राकेशची आली, तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. त्यानं दबक्या आवाजात रेडिओच्या वावराची गोष्ट रानडुकरांपर्यंत वाचून दाखवली. मीटिंगमधल्या बाकीच्यांनी पुढे काय झालं ते विचारलं, तेव्हा त्याला उरलेलीही वाचावी लागली.

नव्वद वावरांसाठी रूपराव आणि तानबा सध्या पुन्हा एस.टी.नं फिरतात. पहिल्या खेपेला ज्यांनी गोष्ट सांगितली होती तेच लोक आता दुसरीच सांगतात. रूपराव दोन्ही लिहून घेतात. पारावरून उठल्यावर ते बाप्यांच्या घरी जातात, चुलीपाशी बसलेल्या बायांना विचारतात, आणि तिसरीही लिहून घेतात.