मेंदू जागा, पापण्या मिटलेल्या

आम्हा जळगावच्या आयसीयूवाल्यांचे चहा थंड होतात, किस्से संपत नाहीत. बॉट्युलिझम तसा विरळाच आजार. पण ज्याने एकदा पाहिला, तो दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहत नाही.

*

शिरपूरकडची एक अक्का आली. पापण्या पडलेल्या, एकाचे दोन दिसत होते, घास गिळवत नव्हता. शेतात निजली होती म्हणून घरच्यांनी मण्यार ठरवली. सापाच्या विषावरचं औषध दिलं, फरक पडेना. दुसऱ्या दिवशी भुसावळजवळच्या दीपनगरहून तिचा भाऊ आला. त्याच्याही पापण्या पडलेल्या!

आमची रेसिडेंट डॉक्टर म्हणाली, "सर, मण्यार बसने भुसावळला गेली का?"

विचारल्यावर कळलं, अक्काने घरी तेलात बुडवून घट्ट बंद केलेल्या लसणाची बरणी भावालाही दिली होती. अशा हवाबंद बरणीतच बॉट्युलिझमचं विष तयार होतं. त्यावरचा उतारा, अँटिटॉक्सिन, बाहेरून येईपर्यंत अक्का व्हेंटिलेटरवर गेली. दोघंही वाचले.

*

एक आजी नातवाला घेऊन आल्या. तान्हं बाळ. शी होत नाही, एवढीच तक्रार. "बाकी फार गुणी हो. आठवडाभर रडलंच नाही."

मी उचललं तर मान लुळी, अंगात जोर नाही. घुटीत रोज मध चालू होता. बाळांना मधातूनही हा आजार होतो, असं सांगितल्यावर आजींनी विचारलं,

"म्हणजे त्याला रडताच येत नव्हतं?"

*

या विषाने नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. डोळे, घसा, हात, छाती, वरून खाली सगळं बंद पडतं. डोकं मात्र शाबूत.

धुळ्याचे नाना असेच व्हेंटिलेटरवर होते. बोटही हलत नव्हतं, बाहुल्या विस्फारलेल्या. मी नातेवाइकांना बजावलं, "त्यांना ऐकू येतंय. जपून बोला." थोरल्या भावाला, आबांना, ते पटलं नाही. नानांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. आबा खाटेशी उभं राहून फोनवर बोलले, "नाना जायच्या आत पोरीची हळद उरकून घ्या. मग सुतक लागेल."

लग्न उरकलंही.

नसांना नवे फाटे फुटायला वेळ लागतो. बऱ्याच आठवड्यांनी नानांचा अंगठा हलला. मग श्वास परतला. गळ्यातली नळी काढून भोकावर पट्टी लावली, तेव्हा आबा पेढे घेऊन आले होते. नाना अहिराणीत बोलले. आवाज अगदी बारीक होता.

"आबा, माले बठ्ठं ऐकू येत व्हतं. कन्यादान कोनी करं?"