हायम पेणकरांचा वॉल्ट्झ

हायम पेणकर हे कोकणातले ज्यू, पनवेलच्या एका भातगिरणीत वजनकाट्यावर कारकून होते. १९५७ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते नाच शिकायला लागले; तोही इंग्रजी, वॉल्ट्झ.

त्यांची एकुलती एक लेक झिल्पा मुंबईत नर्स होती. भायखळ्याच्या जुडाहशी तिचं ठरलं होतं आणि लग्नानंतर पंधरा दिवसांत दोघं बोटीने इस्राएलला जाणार होती. जुडाहच्या घरच्यांनी कळवलं, आमच्याकडे बँड असतो, पहिला नाच बापलेकीचा. खाली झिल्पाची ओळ होती, ‘बाबा, एवढं कराच.’ आई गेल्यापासून पोरीने बापाकडे काही म्हणून मागितलं नव्हतं.

शिकवायला मेव्हणी जोकबेद होती. स्वतःच्या लग्नाआधी मुंबईला इस्पितळात नोकरीला असताना ती नाताळच्या पार्ट्यांत नाचलेली. पण या नाचात बाईच्या पाठीवर हात ठेवावा लागतो. विधुर माणसाने मेव्हणीच्या पाठीवर हात ठेवायचा, आणि समोर शेजारीण गंगाबाईचं दार सताड उघडं! तोड जोकबेदनेच काढली.

“भावोजी, मी पुढे उभी राहते. तुम्ही मागून माझे पाय बघा नि तसेच टाका.”

दर रविवारी दुपारी ओटीवर एक-दोन-तीन सुरू झालं. पहिला महिना हायमांचे पाय एकमेकांतच अडकत.

“पेणकरबाबा, पायान काटा गेला काय वो?” गंगाबाई विचारायची.

हायम पुन्हा उभे राहत. गिरणीत पोती मोजतानाही त्यांचा उजवा पाय हळूच मागे सरके आणि हमाल एकमेकांना कोपराने ढोसत. तिसऱ्या महिन्यात जोकबेद म्हणाली, “भावोजी, आता माझंच चुकतं, तुमचं नाही.”

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये बँड सुरू झाला. हायमांनी लेकीचा हात धरला, पाठीवर हात ठेवला आणि ठरल्याप्रमाणे उजवा पाय मागे टाकला. झिल्पानेही उजवा पाय मागेच टाकला. दोघांचे हात मध्ये ताणले गेले. खुर्च्यांवरून हसू फुटलं.

“बाबा, पुरुषाने पुढे यायचं ना!”

जोकबेदने तोंडावर पदर धरला. तिने आयुष्यभर बाईचेच पाय टाकले होते, तेच शिकवले होते. हायमांनी पुढे जायचा प्रयत्न केला. पाय ऐकेना, मागेच गेला.

“येतं गं मला. खरंच येतं. फक्त उलटं येतं.”

बँडवाल्यांनी दुसऱ्यांदा सुरुवात केली, मग तिसऱ्यांदा. शेवटी जुडाह उठून आला. “मामा, मी घेऊ?” त्याने अदबीने विचारलं. झिल्पाने बापाकडे पाहिलं. हायमांनी तिचा हात त्याच्या हातात दिला आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले.

जुडाह पुढे आला, झिल्पा मागे सरकली. तिचं पाऊल आता कुठे पडणार, ते हायमांना प्रत्येक वेळी आधीच कळत होतं. ती गोल फिरत हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली, तेव्हाही ते नुसते बघत होते.