पाचवं शील

माझा भाऊ दारू सोडायला तयार झाला तो पौर्णिमेला, विहारात, सगळ्या गावासमोर. गावात वंदना घेण्याचा मान बाबांचा. सगळ्यांचं पंचशील म्हणून झाल्यावर त्यांनी दादाला पुढे बोलावलं आणि नशा न करण्याचं पाचवं शील त्याच्या एकट्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. लोकांनी साधू साधू म्हटलं. वहिनी रडली. मला मात्र राग आला. पोराला सुधारायचं होतं की त्याची जाहिरात करायची होती?

दादाने शब्द पाळला आणि तिथेच घात झाला. सकाळी तोंड धुण्याआधी ज्याला घोट लागायचा, त्याने एकदम बंद केली. दोन दिवसांत त्याचा हात इतका कापायला लागला की चहासुद्धा वहिनीने पाजला. मग त्याला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. भिंत कोरी होती.

मी चिखलीहून धावत गावी आले आणि फोन लावत सुटले. एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रातल्या माणसाने आधी विचारलं, पेशंट शेतकरी की नोकरीवाला? नोकरी आहे म्हटल्यावर भाव चढला. पैसे आगाऊ भरा, आमची पोरं गाडी घेऊन येतील, नाही म्हणाला तर बांधून नेतील. डॉक्टर आहे का, तर म्हणे, बोलावल्यावर येतात की! आग लागो तुमच्या गाडीला, म्हणून मी फोन ठेवला.

बाबा मात्र म्हैस विकून तिथेच पाठवायला निघाले. केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात, कुणाला पत्ता लागणार नाही. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात फारसा खर्च नव्हता, पण उपचार मानसोपचार विभागात.

"तिथं नेलं त लोक पोराले येडा म्हणतीन. उद्या नातवाची सोयरीक कोन करीन?"

नातू दुसरीत होता!

"बाबा, पोरगाच राह्यला नाही त सोयरिकीले बसवता कोनाले?" मी ओरडले आणि शेजाऱ्याची जीप दारात लावली. बाबा खांद्यावर दुपट्टा टाकून पुढे बसले.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला चांगलंच झापलं. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी अशी एकाएकी तोडायची नसते; आता फिट आली तर जिवावर बेतेल. त्यांनी लगेच फिट रोखणारी, थोडी गुंगी आणणारी गोळी दिली. दादाने दात घट्ट आवळले.

"नशेची गोळी हाय हे. म्या शब्द देल्ला."

सिस्टरने समजावलं, वहिनीने हात जोडले, मी शिव्या दिल्या. तो ऐकेना. अंगावरचा शर्ट घामाने भिजला होता. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याचे डोळे दाराकडे लागले होते. दाराबाहेर, विभागाच्या पाटीखाली, बाबा तोंडाला दुपट्टा गुंडाळून उभे होते. बाजूच्या खाटेवर आमच्याच गावातला एक जण होता, आणि तो टक लावून पाहत होता.

बाबा आत आले. त्यांनी दुपट्टा सोडला, ते दादाच्या खाटेवर बसले आणि सिस्टरच्या हातातली गोळी घेतली.

"म्या चुकलो रे बाप्पा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हे औषध हाय. तुह्यं शील नाही मोडत. मोडलं त माह्यं मोडू दे. घे."

दादाने आ केला.