बुधवार, शुक्रवार, रविवार

माझ्या वडिलांना अंदमानला जायचं होतं. समुद्र बघायला नाही, आणि बाकीचे मराठी लोक जातात तसं तुरुंग बघायलाही नाही. त्यांना तिथे मासे खायचे होते. मोबाइलवर त्यांना कुठलासा व्हिडिओ सापडला होता. एक माणूस होडीतून उतरतो, हातातला मासा अजून तडफडतोय, आणि तिथेच किनाऱ्यावर चूल मांडून तो खोबरेल तेलात तळतो. एवढंच. बाबा तो दिवसातून चार वेळा बघत, तोही आवाज मोठा करून. "मुंबैत आपण बरफ खातंव," ते म्हणत. "मासो नाय."

कोणी म्हणेल, मग गावाला का नाही जायचं? आमचं गाव मालवणजवळ आणि घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पण त्याच घरावरून चुलत्यांशी बोलणं तुटलेलं. बाबांचा स्वभाव असा, की ज्या दारात एकदा अपमान झाला तिथे पुन्हा पाय ठेवायचा नाही, मग त्या दारात सरंगे उड्या मारत असले तरी. गिरणीत होते तेव्हाही ते असेच होते म्हणे.

लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत मासे बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी होतात. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवार आईने माझ्या दहावीच्या वेळी गणपतीला दिला, तो परत घेतलाच नाही. वर संकष्टी, एकादशी, अख्खा श्रावण, नवरात्र, मार्गशीर्ष. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते, देवाधर्माचं मला फारसं काही नाही. पण सोमवारी मासा खाल्ला असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. बँकेत कोणी डबा पुढे केला की मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते.

अंदमानची सहल पाच दिवसांची, आणि निघायची बुधवारी नाहीतर शनिवारी. आई विमानात बसणार नव्हती, ते तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, पण तिचे वार आमच्याबरोबर येणार होते. बुधवारी निघून रविवारी परत यायचं, तर बुधवार जाण्यात आणि रविवार येण्यात जातो. उरतो एक शुक्रवार. शनिवारी निघावं तर हाती लागतो फक्त रविवार. मी सहा दिवसांची सहल शोधून काढली, तर तिच्यात नेमकी संकष्टी. बाबांनी एकदा वाद घालून पाहिला, की परक्या जाग्यावर वार लागत नाय. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "देव काय लालबागापुरतोच आसा?" विषय संपला.

असं चार वर्षं चाललं. दर दिवाळीनंतर मी हिंदमाताजवळच्या एका टूरवाल्याकडे जाऊन नव्या तारखांचा कागद आणायची, आणि बाबा चष्मा लावून न चालणाऱ्या दिवसांवर पेनाने फुल्या मारायचे. मग "फुडल्या वर्साक बगूया" म्हणून कागद टीव्हीखाली सरकवायचे. मी हं म्हणायची. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटायचं. पाच दिवस हॉटेलच्या एका खोलीत बाबा, त्यांचं घोरणं, गिरणीतला संप आणि चुलत्यांनी केलेला अन्याय, हे मला नको होतं. आणखी मोठी सहल मी विचारलीच नाही. वारांवर ढकलून मोकळं होणं सोपं होतं.

या वर्षी बाबांच्या पोटात दुखायला लागलं. आजार लिव्हरचा निघाला, आणि बराच पुढे गेलेला निघाला. पहिले तीन महिने कडक पथ्य होतं. मीठ कमी, तेल नाही, मासे तर नाहीच नाही. बाबा दुधीची भाजी खात आणि व्हिडिओ बघत. मग एका शुक्रवारी हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "आता घरी न्या. पथ्य वगैरे काही नको, जे मागतील ते द्या," ते म्हणाले. मी आईला फोनवर शब्दन् शब्द तसंच सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बरां."

मला डॉक्टरांच्या वाक्याचा अर्थ कळण्यासारखा नव्हता, असं मी म्हणणार नाही. बँकेत मी स्वतः रोज लोकांना गोड बोलून नकार देते. पण डोकं बधिर झालं होतं आणि त्यात एकच गोष्ट शिरली, की आता मासे चालतील. रविवारी रात्री उशिरा बाबांना घरी आणलं, आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी टूरवाल्याकडे गेले आणि आठ दिवसांची सहल विचारली. होती. गुरुवारी निघून पुढच्या गुरुवारी परत. मधले शुक्रवार, रविवार, बुधवार तिन्ही मोकळे, संकष्टी नाही, काही नाही. तारीख दोन महिन्यांनंतरची होती. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, सिनियर सिटिझन किती? मी म्हटलं, एक. मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटत होतं.

संध्याकाळी घरी आले तर जिन्यात मासे तळल्याचा वास. दुसऱ्या मजल्यावरचे लोक वार पाळत नाहीत, त्यांचाच असणार असं धरून मी वर चढले. वास आमच्या दारातून येत होता. देव्हाऱ्याचा पडदा ओढलेला होता. आई बाबांच्या कॉटपाशी बसून बांगड्याचे काटे काढत होती. आजारी माणसाला आमच्यात मुडदुशे देतात, पचायला हलके म्हणून. तिने बांगडे आणले होते, चांगले तेलकट, लाल मसाला माखून तळलेले, बाबांना आवडतात तसे.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. माझ्या दहावीचा मंगळवार जिने अठ्ठावीस वर्षं सोडला नाही, तिने सोमवार सोडला होता. बुधवार दोन दिवसांवर होता. तिने तेवढीही वाट बघितली नव्हती. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला तेव्हा कळलं.

"वार खंयचो आज?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज आता तोंडातल्या तोंडात राहायचा.

"बुधवार," आई म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"बुधवार," मी म्हटलं.

त्यांनी तोंड उघडलं. चार घास खाल्ले, पाचव्याला हाताने नको म्हटलं आणि भिंतीकडे कूस वळवली.

आईने हात धुऊन माझं ताट वाढलं. माझ्या पर्समधून टूरवाल्याचा कागद डोकावत होता, तो तिने बघितला. "कधीची तारीख?" तिने विचारलं.

"दोन महिन्यांनंतरची."

ती रागावली नाही. कागदाला हातही लावला नाही. "जेव आता, थंड होतला," म्हणाली आणि तव्याकडे वळली.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. भूक मात्र सपाटून लागली होती, कारण दुपारी मी जेवलेच नव्हते. सोमवारी मी बांगडा खाल्ला, काटे चोखून खाल्ला, आणि आईकडे अजून एक मागितला.