ताराताईंच्या फोटोचा हार

ताराताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या बायकोने, सुनंदाने, कधी गेल्या, कशाने गेल्या, काही विचारलं नाही. तिने एवढंच विचारलं, "तो हार कुठेय?" मी ऐकू न आल्यासारखं करून फोनचा चार्जर शोधू लागलो.

कारण हाराचा पराक्रम माझाच. मस्कतमध्ये ना धड रस्ते ना ओळखीपाळखी, अशा काळात संसार थाटणाऱ्या पहिल्यावहिल्या मराठी बायकांचे फोटो इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये लावायचं ठरलं आणि मी उत्साहाने काम अंगावर घेतलं. हयात नसलेल्यांच्या फोटोंना चंदनाचे हार घालायचे होते. मी सोपा नियम केला... फोटो कृष्णधवल म्हणजे बाई गेलेली, रंगीत म्हणजे हयात. यल्ला, खलास! चला, काम फत्ते! उद्घाटनाला पडदा सरकला आणि पहिल्या रांगेतल्या ताराताईंनी भिंतीवरच्या, हार घातलेल्या ताराताईंना पाहिलं. तरुणपणीचा तोच एक फोटो त्यांना आवडायचा, म्हणून मुलाने तो दिला होता.

"काऊन जी भाऊ," ताराताई त्यांच्या नागपुरी ठसक्यात म्हणाल्या, "मले पोचवून आले, अन् चहाही नाही पाजला?" सगळे खो खो हसले. मग भिंतीवर शेजारीच लावलेल्या सुनंदाच्या रंगीत फोटोकडे बोट करून, "सोताची बायको बरी जित्ती ठेवली!" मी हार काढायला धावलो, तर त्यांनीच तो उतरवून पिशवीत टाकला. "राहू द्या माह्याजवळ. लागन तेव्हा कुठं शोधसान?" यावर मात्र कोणी हसलं नाही.

सुनंदा नवी नवरी म्हणून मस्कतच्या हमरिया भागात उतरली तेव्हा पाण्याचा टँकर आला तर आला. ताराताईंनी आपल्या पिंपातलं शेवटचं पाणी तिला अंघोळीला दिलं होतं. पुढे मस्कतजवळच्या अल अमेरातला मुलाच्या घरी चोवीस तास नळ, तरी ते पिंप दाराशी भरलेलंच. मी चिडवलं की म्हणत, "नळाचा का भरवसा, भाऊ?" आता त्याच पिंपाच्या कडीला हार लटकू लागला. मी त्याच्याकडे पाठ करून बसायचो. सुनंदा काकुळतीला येऊन म्हणे, "ताई, फेका हो तो." "फेकून का होते, बाई? येणारं येतेच." शेवटच्या भेटीत पिंप अर्धं रिकामं दिसलं. ते मला हारापेक्षा जास्त टोचलं.

परवा त्यांच्या मुलाने हार हॉलमध्ये आणून दिला. घालायचा मान अर्थात माझाच. चंदनाला पिंपाचा ओलसर वास लागला होता. हार नीट केला आणि वळताना शेजारी नजर गेली. भिंतीवर बिनहाराचा आता सुनंदाचा एकच फोटो. समोरच्या खिडकीतून दुपारचं ऊन नेमकं त्याच्यावर पडतं. लाल साडी राखाडी झालीय, कुंकू पुसट, चेहऱ्यावर रंग असा उरलेलाच नाही...

मी घाईघाईने पडदा ओढला. तोही विरलेला. ऊन आत येतच राहिलं.