साहेबांसाठी कोकरू

परवा साताऱ्यात, शाळेतल्या मुलांना भूतदया शिकवण्याच्या सप्ताहाचा समारोप झाला. तीन भाषणं झाली आणि मग अध्यक्षांच्या घरी मटणाचं जेवण. रश्श्याचा वास आला, तशी मी वाटी बाजूला सारली.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी आटपाडीकडच्या एका वाडीत शिक्षक होतो. साहेब तपासणीला येणार म्हणून मीही भूतदयेचाच पाठ बसवला होता. मेंढपाळाच्या सखूला म्हणालो, "उद्या साहेबांसाठी तुझं कोकरू आण."

आई मेलेलं ते कोकरू सखूनं बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. ते धुऊन, गळ्यात घुंगरू बांधून तिनं आणलं आणि कसं पाजायचं ते वर्गाला दाखवलं. दुधाचा फेस तिच्या मनगटावर ओघळत होता. साहेब खूश झाले. शेरा लिहिला, 'पाठ परिणामकारक.'

दुपारी आम्ही जेवायला बसलो. वाढायला सखूचा बाप होता. तेवढ्यात सखू धावत आली.

"गुर्जी, माझं कोकरू कुठं हाय?"

बाप हसला. "आगं, तूच म्हणलीस न्हवं, सायबासाठी न्यायचं हाय म्हून?"

त्या भागात पाहुण्यासाठी कोकरू म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो, हे मला साताऱ्याच्या माणसाला ठाऊक नव्हतं. चूक माझी आहे, एवढं तरी तिला सांगायला हवं होतं. ती माझ्याकडं बघत होती. साहेबही बघत होते.

मी हातातला घास तोंडात घातला.