अर्धा पेला

दुष्काळाच्या त्या वर्षांत पुंडलिकनगरात आठव्या दिवशी नळ यायचा आणि मी मात्र पाहुण्याला काठोकाठ पेला द्यायची. उरलेलं मोरीत. लई मिजास होती मला. शेजारचा एक पोरगा नोकरीवरून सुट्टीवर आला की दारातूनच म्हणायचा, "काकू, अर्धाच द्या." मला वाटायचं, हा आमच्या पाण्याला नाक मुरडतो.

तो एका छोट्या, महागड्या शिडाच्या बोटीवर वाढपी होता. पाहुणे तिथंच राहायचे, समुद्रात बुड्या मारून मासे बघायचे. एकदा पेला रिकामा करत तो शांतपणे म्हणाला, "पहिल्याच दिवशी एक बाई खारट तोंडानं वर आली. मी इथल्या सवयीनं अर्धा पेला दिला. तिनं तक्रार केली. कप्तान म्हणाला, पुढच्या बंदरावर उतर."

"मग रे?"

"मग पाण्याचा जग घेऊन तिच्यापाशीच उभा राहिलो. अर्धा संपला की परत अर्धा. चौथ्याला तीच पुरे म्हणाली. कप्तानाला म्हणाली, राहू दे याला."

आता पाहुणे आले की मीही अर्धाच पेला देते आणि जग घेऊन उभी राहते. नातसून म्हणते, "आजी, बसा की."

मी बसले तर पाहुण्याला पेला अर्धाच दिसतो ना.